चौल, रेवदंडा, कोर्लई : चर्चच्या भिंतींमध्ये एक दिवस

जुनी चर्च पाहायची म्हटलं की आपल्याकडे लोक गोव्याचं तिकीट काढतात. थोडी अधिक माहिती असणारे वसईच्या किल्ल्यात जातात. नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाला मात्र तिसरी एक वाट मोकळी आहे आणि तिच्यावर गर्दीही नाही. पनवेल, पेण, वडखळ, अलिबाग, आणि अलिबागच्या पुढे नागाव ओलांडलं की चौल. चौलला लागूनच रेवदंडा. कुंडलिका खाडीचा पूल ओलांडला की कोर्लई. सकाळी फज्रनंतर गाडी काढली तर मगरिबपर्यंत तिन्ही गावं नीट पाहून होतात.

निघताना बेलापूरच्या किल्ल्याच्या उरल्यासुरल्या बांधकामाकडे एक नजर टाकायला हरकत नाही. सिडकोच्या या नव्या शहराला इतिहास नाही असं मानणाऱ्यांनी तर जरूर टाकावी. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज असे चौघांचे झेंडे त्या छोट्याशा किल्ल्याने पाहिले. पण तिथे पाहायला फार उरलेलं नाही, त्यामुळे पुढे निघावं.

मुस्लिम घरात इतिहासाची थोडी गोडी असेल तर पोर्तुगीजांविषयी एक गोष्ट हमखास कानावर पडते. १५०२ साली वास्को द गामाने हजहून परतणारं 'मीरी' नावाचं जहाज अडवलं, लुटलं आणि आतल्या शेकडो माणसांसकट, बायकामुलांसकट पेटवून दिलं. ही गोष्ट खरी आहे, पोर्तुगीजांनीच ती लिहून ठेवली आहे. अरबी समुद्रात पोर्तुगीजांचा परवाना, म्हणजे 'कार्ताझ', घेतल्याशिवाय जहाज हाकारता येईना, ही पुढची गोष्टही खरी. त्यामुळे पोर्तुगीज चर्चच्या पडक्या भिंतीसमोर उभं राहताना माझ्यासारख्याच्या मनात एक जुना हिशेब असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. चौल-रेवदंड्याच्या परिसरात तो हिशेब जुळत मात्र नाही. का जुळत नाही, ते सांगण्यासाठी हा लेख.

सुरुवात चौलपासून करावी, रेवदंड्यापासून नाही. बहुतेक लोक समुद्राच्या ओढीने थेट रेवदंड्याला जातात आणि नारळी-पोफळीच्या वाड्यांमधलं चौल मागे पडतं. हे बंदर ग्रीक-रोमन दर्यावर्द्यांना 'सेमिल्ला' म्हणून माहीत होतं. अरबांनी त्याला 'सैमूर' म्हटलं. बगदादचा मोठा इतिहासकार अल-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी ९१६ च्या सुमारास, इथे स्वतः आला होता. त्याने लिहून ठेवलं आहे की सैमूरमध्ये सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. त्यात सिराफ, उमान, बसरा, बगदाद इथून येऊन स्थायिक झालेले होते आणि 'बयासिरा', म्हणजे याच भूमीवर जन्मलेले मुसलमानही होते. त्यांचे आपसातले तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक माणूस राजा नेमत असे, त्याला 'हुनरमन' म्हणत.

राजा कोण? शिलाहार वंशातला झंझ, राष्ट्रकूटांचा मांडलिक. मसूदीने त्याचं नाव नोंदवलं आहे. शिलाहारांच्या ताम्रपटांत हाच झंझ शंकराची बारा देवळं बांधणारा म्हणून येतो. म्हणजे बारा शिवालयं बांधणाऱ्या राजाच्या बंदरात दहा हजार मुसलमान आपल्या मशिदींसह, आपल्या न्यायाधीशासह राहत होते, आणि तो न्यायाधीश राजानेच नेमलेला होता.

याच काळातला, उत्तर कोकणातला चिंचणीचा ताम्रपटही इथे आठवावा. सन ९२६ चा. त्यात संजाणचा कारभारी म्हणून मधुमती नावाचा ताजिक, म्हणजे अरब, येतो. 'मधुमती' हे मुहम्मदचं संस्कृत रूप. हा मुहम्मद नदीवर फुकट नाव चालवतो, अन्नछत्र घालतो आणि त्याच्या अमलात देवीच्या मठाला जमीन मिळते. महाराष्ट्रात इस्लाम तलवार घेऊन घाट उतरला, असं चौकाचौकांत ऐकवलं जातं. अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीला आला १२९६ मध्ये. चौलला तेव्हा मुसलमानांच्या पंधरा-सोळा पिढ्या होऊन गेल्या होत्या. ते समुद्रावरून आले होते आणि घोडे, खजूर, मोती विकायला आले होते. कोकणातल्या मुसलमानाला 'तुम्ही मूळचे कुठले?' असं विचारलं जातं, तेव्हा 'चौलचे' हे उत्तर पुरेसं असायला हवं.

चौलला त्या पहिल्या काळातलं मुसलमानी बांधकाम शोधू नका, दिसतो तो बहमनी-निजामशाही काळ. हमामखान्याचे अवशेष आहेत, जुनी मशीद आहे, राजकोटाच्या खुणा आहेत. हमामखाना पाहायला मी आग्रहाने सांगेन. सार्वजनिक स्नानगृह हे शहराच्या चालीरीतीबद्दल राजवाड्यापेक्षा जास्त बोलतं. दूरवरून आलेला व्यापारी जहाजातून उतरला की आधी अंग धुणार, मग नमाज, मग बाजार. हा क्रम इमारतींच्या जागांवरून अजून वाचता येतो. झाडं भिंतीत घुसली आहेत, घुमटाखाली अंधार आहे, पावसाळ्यानंतर गेलात तर जपून पाय टाका.

बहमनी काळातला एक पाहुणा इथे आवर्जून आठवावा. रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी अफनासी निकितिन १४७० च्या आसपास चौल बंदरात उतरला, वास्को द गामाच्या जवळपास तीस वर्षं आधी. बरोबर एक घोडा होता, तो विकून नफा कमवायचा बेत. घोडा घेऊन तो जुन्नरला गेला. तिथला बहमनी सुभेदार असदखान याने घोडा जप्त केला आणि सांगितलं, मुसलमान हो, घोडाही परत देतो आणि वर हजार मोहरा देतो. नाहीतर घोडा गेला आणि दंडही भर. चार दिवसांची मुदत दिली. निकितिन हवालदिल झाला. त्याला वाचवलं ते मुहम्मद नावाच्या एका खुरासानी मुसलमानाने. तो असदखानाकडे रदबदली करायला गेला, घोडा सोडवून आणला आणि धर्मांतराची अट काढून टाकायला लावली.

हा प्रसंग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. कोणी सांगितलाच तर अर्धा सांगतो. असदखानापुरता सांगणारे एका बाजूला, खुरासानी मुहम्मदापुरता सांगणारे दुसऱ्या बाजूला. निकितिनने स्वतः दोघांचीही नावं लिहिली आहेत, आणि त्याच्या प्रवासवर्णनाचा शेवट अरबी-तुर्की शब्दांतल्या दुआने होतो. तो मनाने मुसलमान झाला होता की बहमनी बाजारात राहून त्याच्या जिभेला ती दुआ चिकटली, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. रेवदंड्यात त्याच्या स्मरणार्थ एक काळा स्तंभ उभारलेला आहे. तिथे थांबून फोटो काढणारे बरेच, त्या घोड्याची गोष्ट ठाऊक असणारे थोडे.

चौलहून रेवदंड्याकडे येताना रस्ता सरळ किल्ल्याच्या तटातून आत शिरतो. किल्ला कधी सुरू झाला हे नवख्याला कळत नाही, कारण आत अख्खं गाव वसलेलं आहे आणि नारळाच्या वाड्या आहेत. आगरकोट हे नाव इतकं चपखल दुसरं सापडायचं नाही. हेच पोर्तुगीजांचं चौल. निजामशाहीचं चौल वरचं, पोर्तुगीजांचं चौल खालचं, मध्ये पायी चालून जाण्याइतकं अंतर. दोन राज्यं, दोन धर्म, एक खाडी. शंभराहून जास्त वर्षं ही जोडशहरं अशीच शेजारी नांदली आणि भांडली.

पोर्तुगीज इथे आले ते सुरुवातीला मार खाऊन. मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तच्या ममलूक सुलतानाचा आरमारप्रमुख अमीर हुसेन आणि दीवचा मलिक अयाज यांनी पोर्तुगीज ताफ्याला गाठलं. पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याचा मुलगा लोरेन्सो त्या लढाईत मारला गेला. बापाने पुढच्याच वर्षी दीवला सूड उगवला आणि अरबी समुद्राची सूत्रं पोर्तुगीजांच्या हाती गेली. इथवर गोष्ट आपल्या ओळखीच्या साच्यातली आहे.

साचा मोडतो तो १५२१ मध्ये. त्या वर्षी पोर्तुगीजांना रेवदंड्याला कोठी आणि किल्ला बांधायची परवानगी मिळाली. दिली कोणी? अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने. त्याला होर्मुझहून येणारे घोडे हवे होते. दख्खनच्या मातीत चांगला लढाऊ घोडा निपजत नाही. विजयनगर, विजापूर, अहमदनगर सगळ्यांचा जीव त्या घोड्यांत अडकलेला, आणि घोड्यांचा रस्ता आता पोर्तुगीजांच्या मुठीत. तेव्हा सुलतानाने त्यांना आपल्या बंदराच्या तोंडाशी जागा दिली. ज्या भिंतींकडे मी जुना हिशेब घेऊन पाहत होतो, त्यांचा पाया एका मुसलमान राजाच्या परवानगीने घातलेला आहे.

याच बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात गार्सिया द ऑर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य उपचारासाठी जात असे. या माणसावर मी थोडा जास्त वेळ घालवणार आहे, कारण रेवदंड्याच्या चर्चमध्ये फिरताना मला सगळ्यात जास्त त्याचीच आठवण येत राहिली. ऑर्ताने १५६३ मध्ये गोव्यात एक ग्रंथ छापला, हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचा. त्यात तो निजामशहाचा उल्लेख मित्र म्हणून करतो. सुलतान मला रोगांची आणि औषधांची अरबी नावं शिकवायचा, मी त्याला लॅटिन नावं शिकवायचो, असं तो सांगतो. अहमदनगरच्या महालात एक सुलतान आणि एक फिरंगी हकीम समोरासमोर बसून एकमेकांना तापाची नावं शिकवताहेत! बुऱ्हाणने याच सुमारास शाह ताहिरच्या प्रभावाखाली शिया पंथ स्वीकारला होता. म्हणजे त्याच्या दरबारात अकीद्याचा वादही जोरात होता, आणि त्याच दरबारात हेही चाललं होतं.

पण ऑर्ताकडे एक गुपित होतं. तो जन्माने ज्यू घराण्यातला. स्पेनमधून हाकलले गेलेले त्याचे आईवडील पोर्तुगालमध्ये सक्तीने ख्रिस्ती झाले होते. तो आयुष्यभर ख्रिस्ती म्हणून वावरला आणि १५६८ मध्ये वारला. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन बसलेलं होतं. ऑर्ता गेल्यावर त्याची बहीण कातारिना हिला ज्यू धर्म छुपेपणाने पाळल्याच्या आरोपाखाली जिवंत जाळण्यात आलं. १५८० मध्ये खुद्द ऑर्ताची हाडं कबरीतून उकरून काढून जाळण्यात आली. मुसलमान सुलतानाचा मित्र असण्याबद्दल त्याला शिक्षा झाली नाही, बापजाद्यांच्या धर्माबद्दल झाली, तीही मेल्यावर बारा वर्षांनी. आणि याच चौल-अलिबागच्या पट्ट्यात त्याच काळी बेने इस्रायली ज्यू तेलाचे घाणे चालवत होते. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणायचं, यापलीकडे त्यांना कोणी काही विचारत नव्हतं. रेवदंड्यात त्यांचं प्रार्थनास्थळ, बेथ एल सिनेगॉग, आजही आहे. आमच्याकडे कोकणात मुसलमान आणि बेने इस्रायली एकमेकांच्या घरी निर्धास्त जेवत, डुकराचं मांस दोघांनाही वर्ज्य म्हणून. ही आठवण जुन्या माणसांकडे अजून आहे.

आता चर्च. आगरकोटात एकेकाळी कॅथीड्रल होतं, डॉमिनिकन, फ्रान्सिस्कन, ऑगस्टिनियन आणि जेझुइट अशा चारही संघांचे मठ होते. आज त्यांतलं काही वाड्यांच्या कुंपणात आहे, काही झाडोऱ्यात, काहींच्या नुसत्या कमानी उभ्या आहेत. एक छोटं प्रार्थनागृह सेंट फ्रान्सिस झेवियरच्या नावाने दाखवतात, तो इथे प्रवचन देऊन गेला असं सांगतात. सगळ्यात ठसठशीत आहे तो सेंट बार्बराचा मनोरा. गावकरी त्याला सातखणी म्हणतात. सात खण आता नाहीत, तरी उरलेला भागही मान वर करून पाहावा लागतो. सेंट बार्बरा ही तोफखान्यातल्या लोकांची रक्षणकर्ती संत. पोर्तुगीजांनी फ्रान्सिस्कन मठाला तिचं नाव द्यावं यात नवल नाही, कारण हा मठ तोफांच्या आवाजातच जगला.

१५६५ मध्ये दख्खनच्या सुलतानांनी विजयनगरला हरवलं, आणि पाच वर्षांनी त्यांची नजर पोर्तुगीजांकडे वळली. विजापूरच्या अली आदिलशहाने गोव्याला वेढा घातला, अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाने चौलला. कालिकतचा सामुरी, म्हणजे हिंदू राजा, या युतीत त्यांच्या बाजूने होता. धर्मयुद्धाच्या चष्म्यातून या युतीकडे पाहणाऱ्यांनी सामुरीला कुठे बसवायचं ते ठरवावं. चौलचा वेढा १५७१ च्या उन्हाळ्यापर्यंत चालला. तेव्हा या गावाला आजच्यासारखा पुरता तट नव्हता. एकेक घर, एकेक मठ यासाठी हातघाईची लढाई झाली. मठांच्या भिंती तोफगोळे झेलत होत्या. संख्येने कितीतरी पट मोठं निजामशाही सैन्य अखेर हात हलवत परतलं आणि तह झाला. हे कसं घडलं, यावर इतिहासकार फिरिश्ता सरळ सांगतो की निजामशाही सरदार फितवले गेले, आणि तेही दारूच्या भेटी देऊन. रात्री पोर्तुगीज दारूची पिंपं आत, दिवसा वेढा. फिरिश्ता स्वतः अहमदनगरात वाढलेला, त्यामुळे त्याचा चिडलेला स्वर समजू शकतो. तह झाल्यावर घोडे पुन्हा यायला लागले, वरच्या चौलचं रेशीम पुन्हा खालच्या चौलला जायला लागलं.

मराठी बोलणाऱ्याने या तटाच्या दारात उभं राहून एक गंमत करावी. किल्ला हा शब्द अरबीतून आलेला, दरवाजा फारसीतून. त्या दरवाजाची बिजागरी पोर्तुगीज, चावी पोर्तुगीज. आतला बाजार फारसी, लिलाव पोर्तुगीज. शिपाई फारसी, त्याचा पगार पोर्तुगीज, तो खर्च मात्र अरबीत करतो. तुरुंग पोर्तुगीज, कैदी अरबी. हे शब्द आपल्या आजीच्या तोंडी होते, तिने ते कुठल्या बखरीतून उचललेले नव्हते.

दुपारचं जेवण रेवदंड्यात उरकावं. मासे ताजे मिळतात. मग पूल ओलांडून कोर्लईला जावं. पाण्यात लांब जीभ काढून बसलेल्या मगरीसारखा हा डोंगर दिसतो, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कुंडलिकेचं मुख. पायथ्याला दीपगृह आहे. तिथून किंवा गावाच्या बाजूने वर चढता येतं. माथ्यावरचा किल्ला अरुंद आणि लांबट आहे, एकामागून एक दरवाजे ओलांडत जावं लागतं. वर पडकं चर्च आहे, छत नसलेलं, आणि त्याच माथ्यावर महादेवाचं ठाणंही आहे. बुरुजांना ख्रिस्ती संतांची नावं होती. १६४६ चा पोर्तुगीज लेखही इथलाच.

पण या डोंगरावरचं मोठं बांधकाम प्रथम काढलं ते पोर्तुगीजांनी नव्हे. दुसरा बुऱ्हाण निजामशहा गादीवर असताना त्याच्या माणसांनी इथे तटबंदी करून मोठ्या तोफा चढवल्या, म्हणजे समोरच्या रेवदंड्याला येणारी जहाजं अडवता येतील. सप्टेंबर १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी डोंगरावर हल्ला चढवला. त्यांचे लेखक सांगतात की दारातून बाहेर काढलेला एक हत्ती जखमी होऊन उलटा फिरला आणि दारातच अडकला. दार बंद करता येईना, आणि त्याच फटीतून पोर्तुगीज आत घुसले. मग कत्तल झाली. दहा-बारा हजार मुसलमान मारले गेले असं फिरिश्ता लिहितो. बखरींचे आकडे मोजलेले नसतात, ते धक्क्याचं माप असतात. पण मसूदीने याच खाडीच्या काठावर मोजलेले दहा हजार आणि हे दहा-बारा हजार एकाच दिवसात मनात घेऊन फिरणं सोपं नाही. चढताना आलेला घाम माथ्यावरच्या वाऱ्याने वाळतो, हे आकडे काही वाळत नाहीत.

किल्ल्याचा निजामशाही सेनापती फर्हादखान पकडला गेला. त्याच्याबरोबर त्याची बायको आणि मुलगीही कैद झाली. पोर्तुगीज इतिहासकार त्यांचं पुढे काय झालं तेही सांगतात. बायकोला खंडणी घेऊन सोडून दिलं. फर्हादखान ख्रिस्ती झाला आणि वारला. मुलगीही ख्रिस्ती झाली आणि तिला पोर्तुगालला पाठवण्यात आलं.

आपल्याकडे अशा ठिकाणी दोन प्रकारचे लेखक असतात. एक लिहील, बघा, जबरदस्तीने बाटवलं. दुसरा लिहील, बघा, सत्य कळलं आणि धर्म स्वीकारला. दुसरं म्हणणं अर्थातच पोर्तुगीज इतिहासकारांचं. कैदेत, तलवारीखाली, बापाच्या मृत्यूनंतर किंवा त्याच्या डोळ्यांदेखत एका मुलीने काय 'स्वीकारलं' असेल, हे सांगायला फार अक्कल लागत नाही. पण मग मला जुन्नरचा असदखान आठवतो. मुसलमान हो नाहीतर घोडा गेला. तिथे रदबदली करायला एक खुरासानी मुहम्मद होता. कोर्लईवर त्या मुलीसाठी असा कोणी फिरंगी उभा राहिला नाही, निदान त्यांच्या लेखकांनी तसं लिहिलेलं नाही. असदखानाची मागणी आणि या विजेत्यांची मागणी एकाच जातीची होती. पहिलीला चूक म्हटल्याशिवाय दुसरीला चूक म्हणण्याचा हक्क मला पोहोचत नाही, असं मला वाटतं.

सेनापतीची बायको एकटीच अहमदनगरच्या वाटेला लागली असेल. पुढच्याच वर्षी बुऱ्हाण वारला, वारसांचे तंटे सुरू झाले, आणि १५९५ च्या अखेरीस अकबराच्या मुलाची फौज अहमदनगरला येऊन भिडली. चांदबीबीने किल्ला लढवला तो या वेळी. मुसलमान राज्यावर मुसलमान बादशहाचं सैन्य. कोर्लईवर पडलेल्या माणसांची तेव्हा तिथे गरज होती.

कोर्लई पोर्तुगीजांकडे पुढे दीडशे वर्षं राहिलं. निजामशाही संपली, वरचं चौल १६३६ नंतर विजापूरकडे आणि मग मराठ्यांकडे गेलं. १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी चौलला वेढा घातला, तोही तडीस गेला नाही. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि मग चौल-कोर्लई टिकवणं पोर्तुगीजांना अशक्यच झालं. १७४० मध्ये तहाने दोन्ही मराठ्यांच्या ताब्यात आलं. कप्तान गेले, पाद्री गेले, ज्यांना गोव्यात ठिकाणा होता ते सगळे गेले.

गरीब राहिले. डोंगराच्या पायथ्याशी कोर्लई गावात त्यांचे वंशज आज राहतात. माउंट कार्मेलच्या मातेचं चर्च गावात आहे, ते पडकं नाही, चालतं आहे. चर्च पाहायला निघालेल्याने दिवसभर भग्न कमानी पाहून झाल्या की इथे जरूर यावं. हे लोक मुख्यतः इथल्याच खालच्या मानल्या गेलेल्या जातींतून ख्रिस्ती झालेले. काहींच्या रक्तात शिपाई-सोजिरांचा अंश असेल, पण गोऱ्या साहेबाची वस्ती म्हणावी असं इथे काही नाही. शेती, वाडीतली मजुरी, भाजीपाला. राज्य बदललं तेव्हा त्यांना कोणी नेलं नाही आणि कोणी मारलंही नाही.

त्यांनी एक गोष्ट सांभाळली, ती म्हणजे भाषा. स्वतः ते तिला 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. जगात ती या एका गावात बोलली जाते, बोलणारे हजाराच्या आतबाहेर. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लान्सी क्लेमेंट्स यांनी तिच्यावर १९९६ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्य मराठीच्या चालीचं. पोर्तुगीजात क्रियापद मध्ये येतं, कोर्लईत ते मराठीसारखं शेवटी जाऊन बसतं. अडीचशे वर्षांत तोंडातले शब्द लिस्बनचे राहिले आणि श्वासाची लय रायगडची झाली.

कोकणी मुसलमानाने हे ऐकून हसायला हरकत नाही, कारण आमची गोष्ट याच्याशी फार मिळतीजुळती आहे. आमच्या घरातली बोली मराठीच्याच अंगाची, तिच्यात अरबी-फारसी शब्दांची पेरणी. शहरातला मराठी माणूस ऐकतो आणि म्हणतो, तुम्ही मराठी बरं बोलता! शहरातला उर्दूवाला ऐकतो आणि म्हणतो, यह कौनसी ज़बान है? कोर्लईच्या माणसालाही असंच विचारलं जातं, पोर्तुगीज का तुम्ही? शेजारच्या गावातला माणूस हे विचारत नाही, विचारतो तो कॅमेरा घेऊन आलेला पाहुणा. पाहुण्याला पोर्तुगीजांनी काय केलं ते पुस्तकातून ठाऊक असतं आणि समोर उभा असलेला भाजीवाला त्याला त्या पुस्तकातला माणूस वाटतो. निजामशहाने काय केलं, औरंगजेबाने काय केलं, याचा जाब आपल्याला जसा रेल्वेच्या डब्यात विचारला जातो, तसंच. पोर्तुगीजांचा १५९४ चा हिशेब मी मनात घेऊन फिरत असेन, तर तो कोणाकडे चुकता करायचा? ज्यांच्याकडे करायचा ते १७४० मध्येच गलबतात बसून गेले. उरलेल्या माणसांच्या पणज्यांना तर त्या किल्ल्यात वर जायचीही परवानगी पाणी भरण्यापुरतीच असणार.

१९६० च्या दशकापर्यंत गावच्या चर्चमध्ये पोर्तुगीज प्रार्थना चालत, नंतर मराठी आली. १९८० च्या दशकात खाडीवर पूल झाला. त्याआधी रेवदंड्याला जायचं म्हणजे होडी. पुलावरून मुलं शाळा-कॉलेजला जाऊ लागली, नोकऱ्यांना मुंबईकडे गेली, आणि घरात मराठी वाढली. म्हाताऱ्या बायका चर्चबाहेर आपसात बोलतात तेव्हा मात्र अजून नौ लिंगच चालते. आम्ही गाडीजवळ उभे होतो, तेव्हा अशाच दोघी बोलत चालल्या होत्या. एक शब्द कळत नव्हता, पण वाक्य कुठे संपतं ते बरोबर कळत होतं.